अजून कमी खाऊ का?

पत्र: माझं वय 32, उंची 156 सेंटिमीटर. बेळगावात अनगोळला राहते, शहापुरात कापड दुकानात कामाला आहे. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वजन 76 किलो होतं. मोबाईलवर आलेला एक चार्ट तेव्हापासून पाळते. सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू, नंतर वाटीभर पपई. दुपारी अर्धी भाकरी, पातळ आमटी, पालेभाजी. दोन वेळा बिनसाखरेचा चहा. रात्री एक सफरचंद आणि ताक. दिवाळीत फराळालाही हात लावला नाही. रोज सकाळी रिकाम्या पोटी व्हॅक्सिन डेपोवर चालायला जाते. पहिल्या महिन्यात सहा किलो गेले, पुढच्या पाच आठवड्यांत साडेतीन. गेले पंधरा दिवस काटा 66.5 वर अडकलाय. केस विंचरले की मूठभर गुंतवळ निघतं. पाळी चाळीस दिवस लांबली आहे. खालच्या फडताळातला गठ्ठा काढून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री झोप लागत नाही, रेसिपीचे व्हिडिओ बघत पडते. गेल्या शनिवारी पाहुण्यांनी आणलेला पाव किलो कुंदा एकटीनं संपवला आणि मग रडत बसले. माघात दिराचं लग्न आहे. भाकरी बंद करून नुसत्या ताकावर राहू का? सासूबाईंना (वय 61, शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू) माझ्याकडे बघून हाच चार्ट सुरू करायचा आहे. चालेल ना?

उत्तर: ताई, भाकरी बंद करू नका. आणि सासूबाईंना हा चार्ट उद्या सकाळपासूनच काय, कधीच नको. आधी त्यांचंच बोलू, कारण तुमचं नुकसान महिन्यांच्या हिशेबात होतंय, त्यांचं एका दुपारीत होऊ शकतं.

त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड हे नाव दिसलं, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर ही औषधं पोटात अन्न आहे की नाही याची वाट बघत नाहीत. गोळी घेतली आणि जेवण अर्धी भाकरीच झालं, की साखर 70 च्या खाली घसरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. अशा वेळी शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा, नाही चढली तर पुन्हा तेवढीच द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर हा धोका कमी. पण डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर उपाशी राहण्यानं रक्तात आम्ल साठू शकतं, आणि गंमत अशी की तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतच नाही. उलट्या, पोटदुखी, धाप, एवढीच खूण. बीपीच्या गोळ्यांचंही तेच: खाणं आणि मीठ घटलं की जुना डोस जास्त होतो आणि बाथरूममध्ये चक्कर येते. साठीच्या बाईला मांडीचं हाड मोडायला तेवढं पुरतं.

तुम्ही म्हणाल, कमी कॅलरीच्या आहारानं शुगर बरी होते असं ऐकलंय. ऐकलंत ते खोटं नाही. ब्रिटनमध्ये झालेल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने रोज सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरीवर ठेवलं होतं, आणि वर्षअखेरीला त्यातले जवळजवळ निम्मे लोक गोळ्यांशिवाय आटोक्यात होते. पण त्यांच्या मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बंद केल्या होत्या, आणि त्या सव्वाआठशे कॅलरीत प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार मोजून घातलेले होते. मोबाईलवर फिरणाऱ्या चार्टमध्ये यातलं फक्त कॅलरी कमी करणं तेवढं उरतं.

आता तुमचा चार्ट. मध वीस कॅलरी, पपई साठ, अर्धी भाकरी शंभर, पातळ आमटी फार तर शंभर, भाजी साठ, दोन चहा मिळून साठ, सफरचंद ऐंशी, ताक चाळीस. बेरीज पाचशेवीस. वय, उंची, वजनावरून काढायचं सूत्र लावलं तर 76 किलोला तुमचं शरीर दिवसभर नुसतं अंथरुणावर पडून राहिलं असतं तरी साधारण 1,400 कॅलरी लागल्या असत्या. आजच्या वजनाला 1,300 च्या वर. त्यात घरकाम, दुकानात आठ तास उभं राहणं आणि सकाळचं चालणं धरलं की 1,800. म्हणजे हृदय, मेंदू, मूत्रपिंडं चालू ठेवायला जेवढं लागतं त्याच्या निम्मंही तुम्ही खात नाही. रोज 800 कॅलरीच्या खालचा आहार वैद्यकीय देखरेखीशिवाय करायचाच नसतो. तुम्ही त्याच्याही तीनशे खाली आहात, आणि तेही अकरा आठवडे.

कॅलरीपेक्षा मोठं भगदाड प्रथिनांत आहे. वरच्या सगळ्या यादीत मिळून 14-15 ग्रॅम प्रथिनं निघतात. तुम्हाला किमान 55 हवीत. उरलेली शरीर कुठून आणणार? दंड, मांड्या, पाठ यांच्या स्नायूंतून. घटलेल्या साडेनऊ किलोंत चरबी आहेच, पण पाणी आणि स्नायूही आहे. पहिल्या महिन्याचा आकडा तर बराच फसवा: यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी निघून जातं. त्यात दीड-दोन किलो सहज जातात आणि माणूस खूश होतो. हात न टेकता चवड्यावरून उठून बघा. गणपतीच्या आधी जमत होतं आणि आता गुडघ्यावर हात ठेवावा लागत असेल, तर काय गेलं ते काट्यापेक्षा नीट कळेल.

मग काटा अडकला का? तीन कारणं एकत्र आली आहेत. शरीर लहान झालं, त्यामुळे खर्च घटला. शिवाय उपासमार ओळखून त्यानं वरखर्चही कापला: थायरॉइडचं टी-थ्री हे संप्रेरक उतरतं, थंडी जास्त वाजते, आणि नकळत हालचाल कमी होते. पंख्याचं बटण बंद करायला उठायचाही कंटाळा येतो ना, तो आळस नव्हे. दुसरं, अशा ताणात शरीर पाणी धरून ठेवतं, त्यामुळे चरबी थोडी घटत असली तरी वजनात दिसत नाही. तिसरा तो कुंदा. पाव किलो कुंदा अंदाजे हजार कॅलरीचा, म्हणजे तुमच्या चार्टचे दोन दिवस. आणखी कमी खाल्लंत तर ही तिन्ही कारणं वाढतील, कुंद्यासकट.

कुंद्यावरून रडू नका, हे मुद्दाम सांगतोय. 1944 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुण स्वयंसेवकांवर उपासमारीचा प्रयोग सुरू केला होता. त्यांना 24 आठवडे रोज सुमारे 1,570 कॅलरी दिल्या आणि आठवड्याला 22 मैल चालायला लावलं. तुमच्या तिप्पट खाणारे ते पुरुष काही आठवड्यांत चिडचिडे झाले, उन्हाळ्यात थंडीनं कुडकुडायला लागले, दिवसरात्र जेवणाचंच बोलायला लागले. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. काहींनी लपून खाल्लं आणि नंतर त्याची बोच लावून घेतली. तुमचे रात्री एक वाजताचे रेसिपीचे व्हिडिओ आणि शनिवारचा कुंदा हे त्याच भुकेचं काम आहे. यात मनाचा कमकुवतपणा कुठेच नाही. मात्र असं खाणं आठवड्यातून एकदा तरी व्हायला लागलं, किंवा खाल्ल्यावर बोटं घालून उलटी करावीशी वाटली, जुलाबाची गोळी घ्यावीशी वाटली, तर ते डॉक्टरांना न लाजता सांगा. त्यावर उपचार आहेत, आणि त्या मार्गानं पोटॅशियम इतकं घसरतं की हृदयाचा ठेका चुकतो.

केसांचं गणित लोकांना उलटं वाटतं म्हणून सविस्तर सांगतो. डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता मुळाशी अडकून राहतो आणि गळतो. रोज पन्नास ते शंभर गळणं हे नेहमीचंच. शरीराला अचानक तुटवडा पडला की वाढीच्या केसांतला मोठा वाटा एकदम विश्रांतीत जातो. म्हणजे आज कंगव्यात येणारं गुंतवळ हे सप्टेंबरातल्या उपाशीपणाचं आहे, आणि आज सुधारलेलं जेवण केसांत दिसायला मार्च उजाडेल. मधल्या काळात गळती चालूच राहील, त्याला घाबरून तेलं बदलू नका. बायोटिनच्या गोळ्या कुणी दिल्या असतील तर थायरॉइडची तपासणी करायच्या आधी किमान दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

पाळी चाळीस दिवस लांबली म्हटल्यावर पहिलं काम मेडिकलमधून प्रेग्नन्सी किट आणून तपासणं. ते निगेटिव्ह आलं तर बहुधा मेंदूनंच पाळी थांबवली आहे. खाल्लेल्या कॅलरीतून व्यायामाचा खर्च वजा करून जे उरतं, ते चरबी सोडून बाकीच्या शरीराच्या किलोमागे 30 कॅलरींच्या खाली बरेच दिवस राहिलं, की बीजकोशांना मिळणारे इशारे मंदावतात. तुमचं चरबीविरहित वजन चाळीस किलो धरलं तर किमान 1,200 उरायला हव्यात. तुमच्या उरतात पाचशेहूनही कमी. याला बारीकच असावं लागतं असं नाही, 66 किलोच्या बाईचीही पाळी जाते. पाळी नाही म्हणजे कटकट नाही असं काहींना वाटतं, पण त्या काळात इस्ट्रोजेन कमी असतं आणि हाडं झिजतात. पाळी आणायच्या गोळ्या घेऊन रक्त दिसलं म्हणजे हे दुरुस्त झालं असंही नाही. ते रक्त गोळीचं असतं.

पत्रात एका गोष्टीची खूण नाही, पण ती लपून होत असते: पित्ताशयातले खडे. यकृत पित्त बनवतं, ते पित्ताशयात साठतं, आणि जेवणात स्निग्ध पदार्थ आला की पित्ताशय आकसून ते आतड्यात सोडतं. वजन भराभर घटताना चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तात जास्त उतरतं. त्याच वेळी जेवणात तेल-तूप जवळजवळ शून्य, म्हणून पित्ताशय आकसतच नाही. दाट पित्त तसंच पडून राहतं, त्याचा चिखल होतो आणि चिखलाचे खडे. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन घटवणाऱ्यांत हे जास्त दिसतं, आणि पहिल्या महिन्यात तुमचा वेग नेमका दीड किलोचा होता. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर तास-दोन तास टिकणारी, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाणारी कळ आली तर तिला ॲसिडिटी समजून सोड्याची पुडी घेऊ नका, सोनोग्राफी करा. म्हणूनच आमच्या हिशेबात रोजच्या एका तरी जेवणात दहा ग्रॅमच्या आसपास स्निग्ध पदार्थ असतो, म्हणजे दोन चहाचे चमचे तेल. बिनतेलाची भाजी ही शिस्त नव्हे.

अंधारी येते त्याचं घरीच माप घ्या. पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजा, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला तर ते लिहून ठेवा. तोवर गठ्ठा काढून एकदम उठू नका, आणि रिकाम्या पोटी चालणं पंधरा दिवस बंद.

या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. जाताना वजनाच्या तारखा, रोजचं खाणं, पाळीची तारीख आणि बीपीचे आकडे एका कागदावर न्या. आपल्याकडे डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात, रिपोर्ट इंग्रजीत येतो आणि आपण मराठीत घाबरतो. ‘तले सुत्तु’ म्हटलं की चक्कर येते एवढं कळतं. अकरा आठवडे पाचशे कॅलरी हे कागदावर असेल तरच कळेल. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12, टीएसएच, साखर, क्रिएटिनिन आणि सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस एवढं रक्तातून, आणि एक ईसीजी. टी-थ्री खाली आणि टीएसएच ठीक असं निघालं तर ते बहुतेक उपासमारीचं असतं, नुसत्या त्यावरून थायरॉइडची गोळी सुरू करायची नसते. छाती धडधडणं थांबत नाही, बेशुद्ध पडलात, पायांवर सूज आली, डोळे पिवळे दिसले किंवा ती बरगडीखालची कळ आली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता कॅज्युअल्टीत जा.

खाणं वाढवतानाही एक मेख आहे. बराच काळ उपाशी राहिलेल्या माणसानं एकदम ताटभर भात आणि गोडधोड खाल्लं, की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. त्यानं हृदय आणि श्वास दोन्ही अडचणीत येतात. अगदी हाडकुळ्या किंवा दहा-दहा दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला हा धोका फार, त्यांचं खाणं दवाखान्यातच वाढवायचं. तुमचा धोका त्या मानानं कमी, पण वजन एक-अष्टमांश उतरलंय, म्हणून रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन पायरीपायरीनं चढा. दर तीन-चार दिवसांनी दोनशे कॅलरी. पहिली पायरी म्हणजे अर्धीची पूर्ण भाकरी आणि पातळ आमटीच्या जागी घट्ट. दुसरी सकाळची दोन अंडी आणि रात्री वाटीभर उसळ. तिसरी रात्रीची भाकरी. चौथी बाकीचं. दोन आठवड्यांत तुम्ही साडेतेराशे-चौदाशेवर याल, आणि तिथेच थांबायचं आहे.

तो दिवस असा दिसतो. सकाळी तीस ग्रॅम नाचणीच्या पिठाची ताक घातलेली आंबील आणि दोन उकडलेली अंडी. अंडी चालत नसतील तर दिवसात कुठेतरी तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, त्यात 15 ग्रॅम प्रथिनं निघतात. दुपारी एक भाकरी, तीस ग्रॅम तूरडाळीची घट्ट आमटी, फोडणीची भाजी, वाटीभर दही, काकडी. संध्याकाळी मूठभर फुटाणे, आणि चहा जेवणापासून तासभर लांब, कारण तो जेवणातलं लोह अडवतो. रात्री एक भाकरी, तीस ग्रॅम कोरड्या मडकीची उसळ, ताक. हा सगळा हिशेब 58-60 ग्रॅम प्रथिनांवर जातो. झुणका करायचा असेल तर चाळीस ग्रॅम बेसन, पण तो तेल पितो, म्हणून बाटली न वाकवता चमच्यानं मोजून घाला. एक चहाचा चमचा म्हणजे चाळीस कॅलरी. शेंगाची चटणी बंद करू नका, दोन चमचे घ्या.

भाकरीचं मात्र माप करा. एकीची भाकरी दुसरीच्या दीडपट असते, आणि ‘एक भाकरी’ या शब्दात सगळे चार्ट बुडतात. एकदा तुमच्या नेहमीच्या वाटीनं जोंधळ्याचं पीठ घेऊन किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा. 60 ग्रॅम कोरड्या पिठाची भाकरी 200 कॅलरीची, सहा ग्रॅम प्रथिनांची. वाटीला खूण करून ठेवा, पुन्हा काटा लागत नाही.

वाढवायला लागलात की पहिल्या दहा दिवसांत काटा एक-दीड किलो वर जाईल. ते पाणी आहे, साठवणीच्या साखरेबरोबर परत आलेलं. बहुतेक बायका इथेच घाबरून जुन्या चार्टवर जातात, म्हणून आधीच सांगितलं. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात, आणि तेवढं वाढायला रोजच्या गरजेवर तितकं जास्त खाल्लेलं असावं लागतं. तुम्ही तर गरजेच्या चारशे खालीच आहात. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर, आणि बरोबर कमरेचा घेर बेंबीच्या पातळीवर टेपनं. चक्कर थांबली की आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस आणि भिंतीला टेकून जोर, दहा-दहाचे तीन फेरे. गेलेले स्नायू याशिवाय परतत नाहीत.

लग्नापर्यंत किती उतरेल? पहिले तीन आठवडे धरू नका. त्यानंतर आठवड्याला तीन-चारशे ग्रॅम, म्हणजे माघापर्यंत फार तर अडीच किलो. पावडरच्या डब्यावरचा महिन्यात दहा किलोचा वायदा तुमच्या दुकानात कुणी आणलाच, तर 1977 च्या सुमारास अमेरिकेत निकृष्ट प्रथिनांच्या पातळ आहारावर राहिलेले साठेक लोक हृदयाचा ठेका बिघडून दगावले होते, एवढं लक्षात असू द्या. ब्लाउज आत्ता शिवायला टाकू नका. माप जानेवारीच्या शेवटी द्या, आणि शिंप्याला दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवायला सांगा.